शिशाचे शिपाई

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हॉस्टेलमध्ये जी कुठली बोलतो ती! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. मराठी विभागाच्या संपादिका रोज मेसमध्ये माझ्या ताटासमोर येऊन बसायला लागल्या, तेव्हा कुठे हा लेख लिहायला घेतला. त्यांना हवी होती एखाद्या थोर व्यक्तीची ओळख. थोर म्हणजे शास्त्रज्ञ नाहीतर समाजसुधारक, असं त्यांच्या मनात असणार. मी निवडलाय पंचेचाळीस वर्षांचा एक लेखक, जो तासन् तास जमिनीवर गुडघे टेकून शिशाच्या शिपायांशी खेळत असे.

पण त्याच्यापर्यंत मी पोचले कशी ते आधी सांगायला हवं.

माझा मामेभाऊ नोकरीसाठी इंग्लंडला असतो. मागच्या पी.एल.च्या आधी तो येऊन गेला, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक डबा आणि एक पुस्तक आणलं. डब्यात वॉटर्लूच्या लढाईतल्या (१८१५) ब्रिटिश पायदळाचे प्लॅस्टिकचे सैनिक होते. माप १:७२. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस साधारण चोवीस मिलिमीटरचा. तिकडे हा चक्क मोठ्या माणसांचा छंद आहे. असे सैनिक विकत आणायचे, इतिहासाची पुस्तकं बघून त्यांचे गणवेश बिनचूक रंगवायचे, आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फूटपट्टी आणि फासे घेऊन ती लढाई पुन्हा लढायची. आपल्याला यात नवल वाटायचं काही कारण नाही म्हणा! दिवाळीत बिल्डिंगच्या मागे माती-दगडांचा किल्ला, त्यावर अळीव पेरून उगवलेलं गवत, वर सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मातीचे रंगीत मावळे, हे आपण सगळ्यांनी केलंय. फरक इतकाच की आपले मावळे एकदा मांडले की भाऊबीजेपर्यंत जागचे हलत नाहीत, आणि यांचे लढतात.

रंगवायचं कसं ते मी चुकत चुकत शिकले. आधी सैनिक साबणाच्या पाण्यात धुवायचे. साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यांच्या अंगावर राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. मग कडेची जास्तीची पापडी ब्लेडने काढायची (वर्कशॉपमध्ये आपण जिला फ्लॅश म्हणतो ती). हे प्लॅस्टिक मऊ असतं, वाकलं की रंगाचे पोपडे निघतात. त्यावर उपाय म्हणजे पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात. नंतर सैनिक बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा आणि तीन शून्य नंबरचा ब्रश घेऊन बसायचं. लाल कोट, राखाडी पँट, काळी उंच टोपी. हे वाळलं की गडद रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडायचा. तो आपोआप घड्यांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. छातीवरचे पांढरे पट्टे एकमेकांना छेदतात तिथे मात्र श्वास रोखून धरावा लागतो. डोळे काढायचे नाहीत. चोवीस मिलिमीटरच्या माणसाला डोळे काढले की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो!

पहिले सहा झाले तेव्हा मी ते खिडकीत ओळीने उभे केले आणि रूम पार्टनरला बोलावलं. ती सातारा जिल्ह्यातली. वडील लष्करातून निवृत्त, मोठा भाऊ नोकरीत, सीमेवर. तिने एक सैनिक उचलला, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, की यांचे बूट इतके स्वच्छ कसे. मला उत्तर सुचेना. मी बुटांना नुसता चकचकीत काळा रंग दिला होता. तिच्या भावाचा तेव्हा तीन आठवडे फोन नव्हता. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिला हौसेने हे दाखवायला बोलावलं होतं.

त्या रात्री अभ्यास होईना, म्हणून मामेभावाने आणलेलं पुस्तक उघडलं. ‘लिटल वॉर्स’, १९१३ सालचं. लेखक एच. जी. वेल्स. मला वेल्स माहीत होता तो ‘इनव्हिजिबल मॅन’वाला, मंगळावरच्या प्राण्यांवाला. त्याने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिले आहेत, आणि आज जगभर टेबलांवर चालणाऱ्या असल्या लढायांचा तो आद्यपुरुष मानला जातो, याचा पत्ताच नव्हता. मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. पी.एल. तिथेच संपली. निकालाविषयी कृपया विचारू नये.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावातला. वडिलांचं दुकान होतं. एकाच दुकानात चिनी मातीच्या कपबशा आणि क्रिकेटच्या बॅटी! दुकान कधीच नीट चाललं नाही, पण वडील क्रिकेटर बरे होते. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. आई पूर्वी एका बड्या घरात मालकिणीची दासी होती.

या घराचं भवितव्य मोडलेल्या पायांनी ठरवलं असं मला वाटतं. १८७४ मध्ये छोट्या वेल्सचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पुस्तकांचं जे वेड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. तीन वर्षांनी वडील पडले, मांडीचं हाड मोडलं, क्रिकेट बंद, आणि त्याबरोबर क्रिकेटचे पैसेही. १८८० मध्ये आई अपपार्क नावाच्या हवेलीत घरव्यवस्था बघायला गेली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं गेलं. साउथसीच्या दुकानात दिवसाला तेरा तास काम, रात्री इतर पोरांबरोबर एका खोलीत झोपणं. दोन वर्षं त्याने कशीबशी काढली. एका रविवारी उठला आणि सतरा मैल चालत आईकडे गेला, मी हे करणार नाही असं सांगायला. त्याचं वय तेव्हा सोळा.

या वयातली आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. तेरा-चौदाव्या वर्षी ब्रॉम्लीच्या माळांवरून एकटा फिरताना तो मनात लढाया खेळायचा. आपण सेनापती आहोत, शत्रूला या टेकडीवरून घेरतोय, आता शहर शरण येतंय वगैरे. १९३४ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्याने हे सगळं कबूल केलं. वर असंही लिहिलं की हिटलर म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपली ती तेरा वर्षांच्या पोराची स्वप्नंच खरी होऊन उभी राहिली आहेत. स्वतःविषयी इतकं परखड लिहायला हिंमत लागते.

दुकान सुटलं आणि मिडहर्स्टच्या शाळेत शिकत-शिकवत तो परीक्षांमागून परीक्षा पास होत गेला. १८८४ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि वेल्स लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. हेच पुढे इम्पिरियल कॉलेजमध्ये सामील झालं. शिष्यवृत्ती आठवड्याला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. त्यात खोली, जेवण, सगळं. मेसला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्सली, डार्विनचे खंदे पाठीराखे. वेल्सला हे वर्ष आयुष्यभर पुरलं. पुढची दोन वर्षं मात्र आपल्यासारखीच गेली! फिजिक्स कंटाळवाणं वाटलं, जिऑलॉजी त्याहून. स्वारी डिबेटिंग सोसायटीत भाषणं ठोकू लागली आणि काही मित्रांबरोबर १८८६ मध्ये एक विद्यार्थी मासिक काढलं, ‘सायन्स स्कूल्स जर्नल’. शेवटच्या परीक्षेत, १८८७ मध्ये, वेल्स जिऑलॉजीत नापास झाला. पदवी नाही. पण गंमत पुढेच आहे. त्याच विद्यार्थी मासिकात १८८८ साली त्याची एक अर्धवट कथा तीन भागांत छापून आली, ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’ नावाची. काळातून प्रवास करणाऱ्या यंत्राची. सात वर्षांनी तिच्यावरूनच ‘द टाइम मशीन’ तयार झालं. म्हणजे ‘द टाइम मशीन’चं पहिलंवहिलं रूप कॉलेजच्या मॅगझिनमध्ये, एका के.टी. लागलेल्या मुलाने लिहिलेलं आहे. (संपादिकाबाई, मॅगझिनचं महत्त्व पटवायला याहून मोठा पुरावा नको!)

नापास झाल्यावर तो वेल्समधल्या एका शाळेत मास्तर झाला. आडनाव वेल्स आणि प्रांतही वेल्स, हा नुसता योगायोग. तिथे फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला जबर मार बसला, पुढे रक्ताच्या उलट्या झाल्या, क्षय म्हणून निदान झालं. पुन्हा अंथरूण, पुन्हा पुस्तकं. १८९० मध्ये बाहेरून परीक्षा देऊन लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवलीच, प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात. याच काळात लंडनच्या एका शाळेत त्याच्या हाताखाली एक मुलगा होता, ए. ए. मिल्न. पुढे ‘विनी द पू’ लिहिणारा तोच.

यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. ‘द टाइम मशीन’ १८९५, ‘डॉ. मोरो’चं बेट १८९६, ‘द इनव्हिजिबल मॅन’ १८९७, ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९८. चार वर्षांत चार. मंगळवासीयांची कादंबरी लिहिताना तो वोकिंग गावात राहायचा आणि सायकलवरून फिरत कुठली घरं, कुठले शेजारी उडवायचे ते ठरवायचा! १९०३ मध्ये ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही कथा आली, तीत खंदकांवरून सरपटत जाणारी पोलादी युद्धयंत्रं आहेत. खरे रणगाडे रणांगणावर आले ते १५ सप्टेंबर १९१६ ला. त्याचं सगळंच बरोबर ठरलं असं मात्र नाही. पाणबुडीत बसलेले खलाशी गुदमरून मरतील, बाकी काही साधणार नाही, असं त्याचं १९०१ चं भाकीत होतं. त्याच ‘अँटिसिपेशन्स’ पुस्तकात गोऱ्यांखेरीज इतर वंशांविषयी जे लिहिलंय ते वाचून माझं डोकं फिरलं. दोन लग्नं, त्याखेरीज किती प्रकरणं, तो हिशोब इथे नको. दुसरी बायको एमी कॅथरिन त्याचीच एकेकाळची विद्यार्थिनी. तिने बरंच सोसलं, एवढंच म्हणते.

आता शिपायांकडे येऊ.

पुस्तकांच्या पैशांतून वेल्सने समुद्रकाठच्या सँडगेटला घर बांधलं, स्पेड हाउस. मुलं दोन, जॉर्ज फिलिप ऊर्फ जिप (जन्म १९०१) आणि फ्रँक (१९०३). त्या वेळच्या इंग्लंडमध्ये मुलांच्या खोलीत हमखास सापडणारी वस्तू म्हणजे ब्रिटन कंपनीचे शिशाचे सैनिक. आधी असले सैनिक जर्मनीहून यायचे, भरीव आणि महाग. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटनने पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर घट्ट झाला की आतलं परत ओतून टाकायचं. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. आपण मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसमध्ये स्लश कास्टिंग म्हणून चार मार्कांना लिहितो तेच हे. उंची ५४ मिलिमीटर. रंग हातानेच दिलेला असायचा, चकचकीत, गालांवर गुलाबी ठिपका. राणीच्या साम्राज्यातल्या सगळ्या पलटणी त्यात होत्या, आपल्याकडचे बॉम्बे लान्सर्ससुद्धा, भाल्यांसकट. मुलांच्या हातात शिसं देणं तेव्हा कोणाला धोक्याचं वाटत नव्हतं. कंपनीने शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं ते थेट १९६६ मध्ये.

याच काळात दुकानांत आणखी एक खेळणं आलं होतं, स्प्रिंगची तोफ. तिच्यातून इंचभर लांबीची लाकडी गोळी सुटायची, आणि नेम असा की नऊ यार्डांवरचा सैनिक दहापैकी नऊ वेळा पडावा. एकदा सँडगेटला जेवण झाल्यावर एका पाहुण्याने सहज ती तोफ भरली, नेम धरला, एक शिपाई पाडला आणि वेल्सला आव्हान दिलं. वेल्सने त्याचं नाव फक्त जे. के. जे. असं दिलंय. म्हणजे जेरोम के. जेरोम, ‘थ्री मेन इन अ बोट’वाला. झालं! दोन विनोदी, वजनदार, मिशीवाले लेखक जमिनीवर पालथे. मग नुसती नेमबाजी पुरेना. विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून डोंगर झाले, सैन्यं चालू लागली, नियम आले. बोअर युद्धातून नुकत्याच परतलेल्या एका कॅप्टनने त्यात भर घातली.

नियम मला फार आवडले, कारण ते एका सायन्सच्या माणसाने, करून बघून, चुका दुरुस्त करत लिहिलेले आहेत. सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या मध्ये पडदा, म्हणजे समोरच्याने कुठे काय लावलंय ते दिसू नये. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट, दोरीने मोजून. तोफेजवळ सहा इंचांत आपली चार माणसं जिवंत असतील तरच तोफ चालणार, नाहीतर ती मुकी. मारा फाशांवर नाही, तर खऱ्या गोळीच्या नेमावर. आणि वेळेचं बंधन! दर तीस माणसांमागे एक मिनिट, तोफेमागे एक मिनिट. म्हणजे ११० माणसं आणि तीन तोफा असतील तर चालीला सात मिनिटं. विचार करत बसायला वेळ नाही, हातून चुका होतात, आणि खरी मजा त्या चुकांतच आहे, हे वेल्सने नेमकं ओळखलं होतं. हुक्स फार्म नावाच्या एका लढाईचं वर्णन तो स्वतःच म्हातारा बढाईखोर जनरल बनून करतो. ते वाचताना मी रात्री दोन वाजता एकटीच हसत होते.

एका गोष्टीवरून मात्र माझं आणि वेल्ससाहेबांचं भांडण आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर म्हटलंय की हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठीही. आभारी आहोत! आतमध्ये लढाईच्या मध्येच भेटायला आलेल्या बायकांविषयीही असाच शेरा आहे, की जमिनीवरच्या या सगळ्या पसाऱ्याकडे त्यांनी नुसतं तुच्छतेने पाहिलं. अहो, तुमच्या शिपायांच्या गालांवर गुलाबी ठिपके देणारे हात बहुतेक बायकांचेच होते, तेव्हा कोणाची कल्पनाशक्ती कमी आणि कोणाची जास्त ते जरा जपून बोला.

हा मजकूर आधी मासिकात आला, मग १९१३ मध्ये पुस्तक निघालं. प्रशियाच्या सैन्यात क्रीगस्पील नावाचा लढाईचा खेळ १८२४ पासून होता, पण तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी, नकाशा, ठोकळे आणि पंच घेऊन खेळायचा. वेल्सने तो घरात आणला. पुढे याच वाटेने १९७१ मध्ये ‘चेनमेल’ आणि १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. हॉस्टेलच्या लॅनवर जे ‘एज ऑफ एम्पायर्स’ चालतं त्याचंही हे खापरपणजोबाच. ‘स्टार वॉर्स’मध्ये टार्किन झालेला पीटर कुशिंग वेल्सच्याच नियमांनी खेळायचा आणि स्वतः बारीक ब्रशने सैनिक रंगवायचा, १९५६ ची त्याची फिल्म आहे.

पुस्तकाचा शेवट वेगळाच आहे. इतकी पानं तोफा डागून झाल्यावर वेल्स एकदम गंभीर होतो. हा छोटा खेळ तुम्ही तीन-चार वेळा खेळून बघा, म्हणजे कळेल की खरं युद्ध किती घोडचुकांनी भरलेलं असतं. ज्यांना युद्धाची हौस आहे अशा राजांना, सेनापतींना, देशभक्तीच्या आरोळ्या ठोकणाऱ्यांना एका मोठ्या दालनात बंद करा, हवे तेवढे शिशाचे शिपाई द्या, पाडायला घरं आणि झाडं द्या, आणि आम्हाला आमचं आयुष्य जगू द्या, असा एकूण सूर. खऱ्या युद्धात खर्च फार, आणि ते पेलायला माणसाचं डोकं फार लहान.

पण शेवटी एक पुरवणी आहे. तीत लष्करी अधिकाऱ्यांची पत्रं आली, त्यांना खेळ आवडला, म्हणून लेखक खूश आहे. सल्ल्याबद्दल खास आभार मानलेत कर्नल मार्क साइक्सचे. नाव ओळखीचं वाटलं म्हणून शोधलं. तोच तो, ज्याने १९१६ मध्ये फ्रान्सच्या पिकोबरोबर बसून अख्ख्या मध्यपूर्वेच्या नकाशावर रेघा ओढल्या. आधी दिवाणखान्यातल्या सतरंजीवर आणि मग खऱ्या वाळवंटावर!

पुस्तक निघून दीड वर्षही झालं नव्हतं आणि ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. आता हा माणूस काय करेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं, पुस्तकाची शेवटची पानं घेऊन चौकात उभा राहील. त्याने लेख लिहिले, आणि त्यांचं पुस्तक केलं: युद्धांचा अंत करणारं युद्ध, या अर्थाच्या नावाचं. जर्मन लष्करशाही मोडल्याशिवाय शांतता नाही, म्हणून लढलंच पाहिजे. तो खोटं लिहीत होता असं मला वाटत नाही. पण ब्रॉम्लीच्या माळावरचा तेरा वर्षांचा सेनापती त्याच्यात पुरता मेला नव्हता, असं वाटतं खरं. हा भाग वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही.

दरम्यान शिपायांचे रंगही बदलले होते. इंग्रज सैन्याचा लाल कोट रणांगणातून जाऊन तिथे खाकी आली होती. खाकी आपल्याकडचीच, खाक म्हणजे माती. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीत ती सुरू झाली. दिवाणखान्यात लाल-निळे शिपाई चमकत होते आणि फ्रान्समध्ये खरे शिपाई मातीच्या रंगाचे होऊन मातीतच राहत होते. वेल्स १९१६ मध्ये फ्रान्स आणि इटलीच्या आघाडीवर जाऊन ते पाहून आला. त्याच वर्षी त्याची ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी आली. ब्रिटलिंग हा वेल्ससारखाच एक लेखक. त्याचा मुलगा ह्यू खंदकात मारला जातो. घरात शिकवणीला राहिलेला जर्मन तरुणही तिकडच्या बाजूने मरतो, आणि शेवटी हा बाप रात्रभर जागून त्या जर्मन मुलाच्या आईवडिलांना पत्र लिहायचा प्रयत्न करत राहतो.

वेल्सची स्वतःची मुलं वाचली, ती फक्त लहान होती म्हणून. युद्ध संपलं तेव्हा जिप सतरा वर्षांचा होता. चार-पाच वर्षं आधी जन्मला असता तर? जिप पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाला. बाप, लेक आणि हक्सलींचा नातू ज्युलियन, अशा तिघांनी मिळून ‘द सायन्स ऑफ लाइफ’ लिहिलं.

१९१८ मध्ये काही महिने सरकारी प्रचारखात्यात काम करून वेल्स बाहेर पडला आणि उरलेलं आयुष्य एकच तुणतुणं वाजवत राहिला: सगळ्या जगाचं मिळून एक सरकार हवं. त्यासाठी सगळ्या जगाचा मिळून एक इतिहास हवा, म्हणून १९२० मध्ये ‘द आउटलाइन ऑफ हिस्टरी’ लिहिला. तो लाखांनी खपला. हजारो राजेमहाराजांच्या त्या गर्दीत त्याने सगळ्यात उंच जागा दिली आहे आपल्या सम्राट अशोकाला, कारण लढाई जिंकल्यावर युद्ध सोडून देणारा तो एकच. नेपोलियनच्या वाट्याला मात्र त्याने चांगलेच फटकारे ठेवलेत. १९२० मध्ये लेनिनला भेटला, १९३४ मध्ये रूझवेल्ट आणि स्टालिन या दोघांना. स्टालिनविषयी तो फारच भोळेपणाने लिहून गेला, हे मान्य करायला हवं. १९३३ मध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, आणि इंग्लंड जिंकल्यावर कोणाकोणाला पकडायचं त्या यादीतही त्याचं नाव होतं.

आणखी एक गोष्ट आपल्या विषयाबाहेर असली तरी सांगतेच. १९१४ च्या सुरुवातीला, महायुद्धाआधी, त्याची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी आली होती. तीत अणुबॉम्ब आहेत, याच नावाने. १९३२ मध्ये ती लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने वाचली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रस्त्यात सिग्नलशी थांबला असताना त्याला न्यूक्लियर चेन रिॲक्शनची कल्पना सुचली. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा वेल्स जिवंत होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असतानाही त्याने लंडनमधलं हॅनोव्हर टेरेसचं १३ नंबरचं घर सोडलं नव्हतं. तिथेच १३ ऑगस्ट १९४६ ला तो गेला. वय ७९. मुलांनी त्याची रक्षा समुद्रात सोडली.

आमच्या रूममध्ये बावीसाव्या दिवशी फोन आला. रेंज नव्हती, बाकी सगळं ठीक. रूम पार्टनर कॉरिडॉरमध्ये अर्धा तास बोलत होती. आत येऊन तिने खिडकीतला एक शिपाई उचलला आणि भावाला फोनवरच विचारलेलं सांगितलं, की चिखल वाळला की बुटावर काळपट दिसत नाही, फिका पडतो, आणि घोट्याच्या वर जास्त धरतो.

मी वॉटर्लूचं पुस्तक काढून बघितलं. लढाईच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. जमीन इतकी भिजली होती की तोफा हलेनात, आणि नेपोलियनने सकाळचा हल्ला लांबवला. म्हणजे १८ जून १८१५ ला तिथे एकाही शिपायाचे बूट काळे नव्हते. मी सगळ्या सहा जणांचे पुसून पुन्हा केले. रॉ अंबरमध्ये थोडा पांढरा, थोडा पिवळा. कोरडा ब्रश, खालून वर, गुडघ्यापर्यंत. चार तिने केले, दोन मी. डब्यात अजून बरेच उरलेत, आणि रॉ अंबरची ट्यूब संपत आली आहे. शनिवारी कोणी गावात जाणार असेल तर प्लीज सांगा.